विद्युत क्षेत्राची दिशा नेमकी कुणाची?

वणीकडच्या एका बारावीच्या विद्यार्थिनीने विचारलं आहे: "सर, पुस्तकात बाण धनाकडून ऋणाकडे काढतात. पण इलेक्ट्रॉन तर उलटा जाते. मंग खरी दिशा कोणती जी? आणि तिथं काहीच ठेवलं नसन तर ती दिशा कोणाची?" गणितात आपला आकडा बरोबर येतो आणि चिन्ह चुकतं, असंही तिने लिहिलं आहे. ही सगळी एकच गाठ आहे, म्हणून उत्तर एकत्र देतो. मी आयुष्यभर औष्णिक वीज केंद्राच्या विद्युत विभागात काम केलं आणि आता गावात बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. त्यामुळे उदाहरणं आपल्याच भागातली येतील.

दिशा त्या जागेची असते. आजूबाजूला जे प्रभार आहेत त्यांच्यामुळे प्रत्येक बिंदूला एक परिमाण आणि एक बाण मिळालेला असतो. तिथे तू धन प्रभार ठेव, ऋण ठेव, नाहीतर काहीच ठेवू नको, त्या बिंदूचा बाण तोच राहतो. बदलतं ते बल. धन प्रभारावर ते बाणाच्या दिशेने लागतं, ऋण प्रभारावर बाणाच्या बरोबर उलट. बल म्हणजे प्रभार गुणिले क्षेत्र, एवढंच सूत्र आहे. प्रभार ऋण असला की गुणाकाराचं चिन्ह फिरतं, पण क्षेत्र जागचं हलत नाही. म्हणून "क्षेत्र धनाकडून ऋणाकडे" आणि "इलेक्ट्रॉन उलटा" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. पहिलं जागेबद्दल बोलतं, दुसरं त्या जागी आलेल्या पाहुण्याबद्दल.

त्या बिंदूचा बाण ओळखायची रीत अशी. तिथे एक अगदी लहान धन प्रभार स्थिर ठेवला आहे असं समजायचं. त्याच्यावर बल कुठल्या दिशेने लागतं ते बघायचं आणि त्या बलाला त्याच प्रभाराने भागायचं. उत्तर न्यूटन प्रति कूलोममध्ये येतं, आणि तेच व्होल्ट प्रति मीटर. भागाकार केल्यामुळे ठेवलेल्या प्रभाराचा हिशेब संपतो आणि फक्त जागेचा गुण हातात उरतो.

'लहान' हा शब्द मुलं वाचून पुढे जातात. तिथे थोडं थांबायला हवं. समज, धातूच्या एका गोळ्यावर प्रभार आहे आणि त्याच्या जवळचं क्षेत्र तुला मोजायचं आहे. तू मोठा धन प्रभार घेऊन जवळ गेलीस तर गोळ्यावरचे प्रभार सरकतील. मग तू मोजशील ते क्षेत्र तू येण्याआधीचं नसेलच. मोजणाऱ्याने मोजायच्या गोष्टीला धक्का लावू नये, म्हणून लहान. आणि 'स्थिर' अशासाठी की हलत्या प्रभारावर चुंबकीय बलही लागू शकतं आणि दोन्हींची गल्लत होते.

चाचणीला धनच का घेतला, ऋण का नाही? हा ठराव आहे. बेंजामिन फ्रँकलिनने १७४७ च्या सुमारास प्रभाराच्या दोन जातींना धन आणि ऋण ही नावं दिली. इलेक्ट्रॉन थॉमसनला सापडला १८९७ मध्ये. मधल्या दीडशे वर्षांत कूलोमचा नियम आला, फॅरेडेच्या बलरेषा आल्या, सगळी मांडणी त्या ठरावावर उभी राहिली. इलेक्ट्रॉनच्या वाट्याला ऋण चिन्ह आलं म्हणून ठराव चुकीचा ठरत नाही. उलटा ठराव केला असता तर सगळे बाण उलटे काढले असते, आणि कुठला प्रभार कुठे सरकतो याचं उत्तर तेच आलं असतं. शिवाय सरकणारा प्रभार दरवेळी ऋणच असतो असंही नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीतल्या आम्लात, ओल्या काळ्या मातीत, धन आणि ऋण दोन्ही आयन, म्हणजे प्रभार असलेले अणू-रेणू, एकाच क्षेत्रात एकमेकांच्या विरुद्ध दिशेने चालतात. तिथे "खरी दिशा" कुणाची म्हणायची? म्हणून बाण एक ठरवून ठेवलेला बरा.

हे सगळं मला जिथे रोज डोळ्यांनी दिसायचं ती जागा म्हणजे ईएसपी, इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस, विदर्भात कुठल्याही औष्णिक केंद्रात बॉयलर आणि चिमणी यांच्या मध्ये लोखंडी पत्र्याची घरासारखी मोठी पेटी असते, ती ही. आपल्या कोळशात राख भरपूर. बॉयलरमधून निघालेला धूर थेट चिमणीत सोडला तर आसपासच्या गावांच्या पऱ्हाटीवर राखेचा थर बसेल. ईएसपी ती राख धुरातून विद्युत क्षेत्राने वेगळी काढते. चांगल्या चालणाऱ्या ईएसपीत ९९ टक्क्यांहून जास्त राख आत अडते.

आतून ती कशी असते ते सांगतो. उंच पोलादी प्लेटा एकमेकींना समांतर टांगलेल्या असतात. दोन प्लेटांत अंतर साधारण ३० ते ४० सेंटीमीटर. त्या अर्थ केलेल्या, म्हणजे शून्य व्होल्टवर. दोन प्लेटांच्या बरोबर मधोमध बारीक तारांची रांग. या तारांना ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर लावून ऋण डीसी दाब देतात, समज उणे ५० हजार व्होल्ट. आता बाण काढ. प्लेट शून्यावर, तार उणे ५० हजारांवर. क्षेत्राची दिशा जास्त विभवाकडून, म्हणजे जास्त व्होल्टकडून, कमी विभवाकडे. इथे ती प्लेटेकडून तारेकडे. तार आणि प्लेट यांत १५ सेंटीमीटर धरलं तर सरासरी क्षेत्र ५० हजार भागिले ०.१५, म्हणजे दर मीटरला सव्वातीन लाख व्होल्टच्या वर. पण हे सरासरी झालं. बारीक तारेच्या अगदी लगत बलरेषा दाटतात आणि क्षेत्र दर मीटरला ३० लाख व्होल्टच्या पलीकडे जातं. साध्या हवेचा जीव तिथेच संपतो, ती फुटते आणि तारेभोवती निळसर जांभळा कोरोना, म्हणजे फुटलेल्या हवेचा उजेड, पेटतो.

कोरोनातून सुटलेले इलेक्ट्रॉन आणि ऋण आयन बाणाच्या उलट, तारेकडून प्लेटेकडे धावतात. वाटेत राखेच्या कणांना चिकटतात, कण ऋण होतात आणि तेही प्लेटेकडे सरकतात. प्लेटेवर राखेचा थर बसतो. ठरावीक वेळाने हातोडे प्लेटांवर पडतात, थर निसटून खाली हॉपरमध्ये जातो. इतका वेळ बाण होता प्लेटेकडून तारेकडेच. राख त्याच्या उलट चालली म्हणून एकाही अभियंत्याने नकाशावरचा बाण फिरवला नाही.

यातली आणखी एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तारेच्या अगदी जवळच्या पेटलेल्या भागात धन आयनही तयार होतात. तिथून जाणारे थोडे कण धन होतात आणि बाणाच्या दिशेने जाऊन तारेलाच चिकटतात. म्हणून तारांनाही वेगळे हातोडे लावावे लागतात. बंद काळात अर्थिंग रॉड लावून, साठलेला प्रभार उतरवून, मगच आत शिरायचं. तेव्हा प्लेटांवर जाड थर दिसायचा आणि तारांवर ठिकठिकाणी राखेच्या गाठी. जागा एक, बाण एक, आणि दोन जातींचे कण दोन दिशांना गेलेले. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राखेनेच लिहून ठेवलेलं असायचं.

आता गणित. चिन्ह कुठे चुकतं ते एका उदाहरणात दाखवतो. डावीकडे अ हा प्रभार, अधिक ४ नॅनोकूलोम. उजवीकडे ब, उणे ४ नॅनोकूलोम. अंतर २० सेंटीमीटर. बरोबर मध्यावर क्षेत्र किती? कूलोमचा स्थिरांक ९ अब्ज, प्रभार ४ अब्जांश, गुणाकार ३६. त्याला ०.१ च्या वर्गाने, म्हणजे ०.०१ ने भागलं की ३,६००. इथवर सगळ्यांचं बरोबर येतं. मग मुलं अ साठी अधिक ३,६०० लिहितात, ब साठी उणे ३,६००, बेरीज करतात आणि उत्तर शून्य. खरं उत्तर आहे ७,२०० न्यूटन प्रति कूलोम, उजवीकडे.

चूक अशी झाली की त्या उणे चिन्हाचा अर्थ डावी-उजवीकडे असा घेतला. सूत्रातलं चिन्ह 'त्या प्रभारापासून दूर' या दिशेच्या हिशेबाने असतं. अधिक म्हणजे त्याच्यापासून दूर, उणे म्हणजे त्याच्याकडे. मध्यावर उभं राहिलं तर अ पासून दूर म्हणजे उजवीकडे. ब कडे म्हणजेही उजवीकडे. दोन्ही एकाच दिशेला, म्हणून बेरीज. माझा आग्रह असा आहे की परिमाण काढताना चिन्ह घालूच नये. आधी नुसता आकडा काढ. मग त्या बिंदूवर मनात एक धन प्रभार ठेव आणि प्रत्येक प्रभाराला वेगळं विचार, तू याला कुठे ढकलशील किंवा ओढशील? तसे बाण कागदावर काढ, आणि त्यानंतर सदिश बेरीज कर. प्रभार एका रेषेत नसतील तर घटक पाडायचे, पण बाण आधी. त्या मध्यावर इलेक्ट्रॉन ठेवला असं पुढे विचारलं, तरी क्षेत्र उजवीकडेच लिहायचं. फक्त बल लिहिताना डावीकडे, अ कडे.

दोन्ही प्रभार धन असते तर मध्यावर दोन बाण समोरासमोर आले असते आणि क्षेत्र शून्य झालं असतं. शून्याला दिशा नसते, पेपरातही दिशा लिहू नकोस. प्रभार कमीजास्त असतील तर हा शून्याचा बिंदू लहान प्रभाराच्या बाजूला सरकतो. आणि एक गोष्ट जाता जाता: पुस्तकातल्या गणितांत हेच प्रभार मायक्रोकूलोममध्ये देतात. वरच्या उदाहरणात ४ मायक्रोकूलोम घातले तर एकाच प्रभाराचं क्षेत्र दर मीटरला ३६ लाख व्होल्ट येतं. साधी हवा ते पेलूच शकत नाही. गणित सोडवायला हरकत नाही, पण असे दोन प्रभार टेबलावर शांत पडून आहेत असं चित्र मनात ठेवू नये.

बलरेषांबद्दल बरेच गैरसमज असतात. रेषा हे चित्र आहे. रेषेवरच्या कुठल्याही बिंदूला स्पर्शिका काढली की तिथला बाण मिळतो, आणि रेषा जिथे दाट तिथे क्षेत्र जास्त. दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या कागदावरही क्षेत्र आहेच. दोन रेषा एकमेकींना छेदत नाहीत, कारण छेदल्या तर त्या एका बिंदूला दोन दिशा होतील आणि तिथला धन प्रभार एका वेळी दोन बलं दाखवील. तसं होत नाही, सगळ्यांची बेरीज होऊन बल एकच असतं.

रेषा म्हणजे प्रभाराच्या प्रवासाची वाटही नव्हे. क्षेत्र बल देतं, बलाने त्वरण मिळतं, वेग आधीचा काय होता यावर वाट ठरते. दोन समांतर प्लेटांमधल्या निर्वातात आडवा सोडलेला इलेक्ट्रॉन वक्राकार, अन्वस्तासारखा जातो, आणि बलरेषा मात्र सरळ उभ्या असतात. ईएसपीतही तसंच. धूर प्लेटांच्या लांबीने सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाने वाहतो, राखेचा कण प्लेटेकडे सेकंदाला काही सेंटीमीटरच सरकतो. त्याची वाट तिरपी पडते. म्हणूनच प्लेटा एकामागे एक लांबवर लावाव्या लागतात.

विभवाचा उल्लेख वर आला. दिशा समजायला माझ्या मते सगळ्यात सोपी वाट तीच आहे. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात उतारावर सलग समतल चर खोदतात. एका चराची सगळी लांबी एकाच उंचीवर असते, आणि पाणी चराला काटकोनात, सर्वांत तीव्र उताराने खाली येतं. समविभव रेषा, म्हणजे सारख्या विभवाचे बिंदू जोडणाऱ्या रेषा, या त्या चरांच्या जागी. विद्युत क्षेत्र त्यांना नेहमी काटकोनात, जास्त विभवाकडून कमी विभवाकडे. चर जिथे जवळजवळ खोदावे लागतात तिथे उतार तीव्र असतो, तसंच समविभव रेषा जिथे दाट तिथे क्षेत्र मोठं. चराच्या लांबीने चाललं तर चढ नाही, उतार नाही. समविभव रेषेवरून प्रभार नेला तर काम शून्य. हे चित्र लक्षात ठेव, खाली ते जीव वाचवायच्या कामी येणार आहे.

धातूच्या पृष्ठभागावर प्रभार स्थिर असतील तर तो पूर्ण पृष्ठभाग एकाच विभवावर असतो, म्हणून बाहेरचं क्षेत्र त्याला काटकोनात येतं. तिरपं असतं तर पृष्ठभागाच्या लांबीने एक घटक उरला असता, प्रभार सरकत राहिले असते आणि तो घटक संपेपर्यंत थांबले नसते. आतलं क्षेत्र याच कारणाने शून्य. पण हे प्रभार स्थिर असतानाच. तारेतून प्रवाह चालू असतो तेव्हा तारेच्या आत लांबीच्या दिशेने क्षेत्र असतंच, नाहीतर इलेक्ट्रॉनना ढकलणार कोण? हे दोन प्रसंग मुलं एकत्र करतात.

जमीनही बऱ्यापैकी वाहक आहे. म्हणून हाय टेन्शन लाइनखाली, जमिनीलगत, क्षेत्र उभं असतं. तिरोड्याहून कोराडी आणि अकोला मार्गे ७६५ किलोव्होल्टची लाइन गेली आहे. अशा लाइनखाली जमिनीजवळ दर मीटरला काही हजार व्होल्ट क्षेत्र असू शकतं. तिथे रात्री ट्यूबलाइट हातात धरली की मंद पेटते हे अनेकांनी मोबाइलवर पाहिलं आहे. ती उभी धरली तर पेटते, आडवी धरली तर जवळपास विझते, कारण आडवी ट्यूब समविभव पातळीवर येते आणि तिच्या दोन टोकांत फरक उरत नाही. दिशेचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. पण हा प्रयोग करू नये, हे मी कळकळीने सांगतो. लाइनखाली हातात लांब वस्तू उंचावणं जिवावर बेतू शकतं. लाइन एसी, ५० हर्ट्झची, म्हणून तिथला बाण सेकंदाला शंभर वेळा उलटतो, वर आणि खाली. ओळ उभीच राहते, टोक बदलतं.

टोक न बदलणारी लाइनही आपल्याकडे आहे. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला अधिक-उणे ५०० किलोव्होल्टची डीसी लाइन जाते. टॉवर पाहून ओळखता येते. एसीच्या एका सर्किटला तीन फेज, म्हणजे तारांचे तीन गट. डीसीच्या टॉवरला दोन बाजूंना दोनच. एक धन, एक ऋण. धन गटाखाली उभं राहिलं तर बाण आकाशातून जमिनीकडे. ऋण गटाखाली जमिनीकडून आकाशाकडे. दोन गटांच्या मधल्या हवेत धनाकडून ऋणाकडे आडवा. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून पुस्तकातली आकृती पाहता येते, फक्त बाण मनाने काढायचे.

लाइन नसली तरी शेतात क्षेत्र असतं. निरभ्र दिवशी जमिनीजवळ दर मीटरला साधारण १०० व्होल्ट, दिशा खाली. जमिनीवर ऋण प्रभार आहे आणि वरच्या हवेत धन, म्हणून खाली. पावसाळी ढग डोक्यावर आला की चित्र फिरतं. ढगाचा खालचा भाग बहुधा ऋण असतो, त्याखालच्या जमिनीवर धन प्रभार गोळा होतो, आणि क्षेत्राची दिशा जमिनीकडून ढगाकडे, वर होते. परिमाणही हजारो व्होल्ट प्रति मीटरवर जातं. अशा वेळी अंगावरचे केस उभे राहू लागले तर वीज जवळच पडण्याच्या बेतात आहे असं समजावं.

आता ते चराचं चित्र. जूनमध्ये पेरणीच्या दिवसांत पाऊस आला की माणसं आणि बैलं धुऱ्यावरच्या बाभळीखाली, मोहाखाली उभी राहतात. झाडावर वीज पडते, आणि झाडापासून दहा-पंधरा पावलांवर उभी असलेली बैलजोडी मरते, शेजारचा माणूस कधी कधी वाचतो. लोक त्याला दैव म्हणतात. त्यात क्षेत्राच्या दिशेचा मोठा वाटा आहे.

वीज बुंध्यातून जमिनीत उतरते आणि प्रवाह चहूबाजूंना पसरतो. झाडाभोवती समविभव रेषा वर्तुळाकार होतात. त्यांना काटकोनात म्हणजे त्रिज्येच्या ओळीत जमिनीतलं क्षेत्र. बहुतेक विजा जमिनीत ऋण प्रभार आणतात, तेव्हा बाण बाहेरून झाडाकडे असतो. पण इथे टोकापेक्षा ओळ महत्त्वाची. ढोबळ हिशेब मांडू. प्रवाह ३० हजार अँपिअर, मातीची रोधकता १०० ओहम-मीटर. अर्धगोलात पसरणाऱ्या प्रवाहासाठी क्षेत्र म्हणजे रोधकता गुणिले प्रवाह, भागिले दोन π (गणितातला पाय, ३.१४) गुणिले अंतराचा वर्ग. दहा मीटरवर ते दर मीटरला सुमारे ४,८०० व्होल्ट येतं. बैल त्रिज्येच्या ओळीत, तोंड झाडाकडे करून उभा असेल आणि पुढच्या-मागच्या पायांत दीड मीटर असेल, तर त्याच्या पायांमध्ये सहा हजारांहून जास्त व्होल्ट पडतात. आणि प्रवाहाची वाट थेट छातीतून, काळजाजवळून. माणसाचे पाय जुळवलेले असतील तर तिथे काहीशेच्या घरात. दोन्ही पाय झाडापासून सारख्याच अंतरावर, म्हणजे एकाच 'चरावर' असतील तर फरक आणखी कमी.

झाडापासून एवढं लांब उभं राहिलं तरी ते सुरक्षित नाही, हे यावरून दिसतंच. मेघगर्जना ऐकू आली की पक्क्या घरात किंवा बंद धातूच्या गाडीत जायचं. एसटीत, काचा लावून बसलेला माणूस चांगल्या आसऱ्याला असतो, कारण प्रवाह बाहेरच्या पत्र्यावरून जातो आणि आत क्षेत्र फारसं शिरत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप जवळ पडणाऱ्या विजांची सूचना देतं, ते घरातल्या एकाच्या तरी मोबाइलवर असावं. उघड्यावर अडकलंच तर झाडापासून दूर, पाय जुळवून, उकिडवं बसावं. आडवं पडू नये, पडलं की अंगाची लांबी क्षेत्राच्या ओळीत येऊ शकते. बैलांना झाडाला बांधू नये.

शेतात तुटून पडलेल्या तारेला हेच लागू आहे. तार एसी असल्यामुळे मातीतल्या बाणाचं टोक सेकंदाला शंभर वेळा उलटतं, पण त्रिज्येची ओळ बदलत नाही. लांब टांगा टाकत पळालं तर एक पाय जास्त विभवावर आणि दुसरा कमी विभवावर पडतो. म्हणून दोन्ही पाय चिकटवून, जमिनीवरून न उचलता, बोटभर सरकत दूर जायचं. जनावर आत अडकलेलं असलं तरी ओढायला जायचं नाही. इतरांना लांब थांबवायचं, लाइनमनला फोन करायचा, आणि सबस्टेशनवरून लाइन बंद झाल्याचं त्याने सांगेपर्यंत कुणालाही त्या वावरात पाऊल टाकू द्यायचं नाही.